फोक आणि पंगत

शाळेत मार खाल्ल्याची गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगतात. लग्नाच्या मांडवात, दहाव्याला घाटावर, एस.टी.ची वाट बघताना, कुठंही दोन म्हातारे भेटले की गप्पा फिरून शाळेवर येतात आणि कुणाच्या मास्तरांचा हात किती जड होता याची चढाओढ लागते. एकजण सांगतो, आमचे मास्तर पट्टीच्या कडेनं बोटांच्या पेरांवर मारायचे, संध्याकाळी भाकरी मोडता यायची नाही. दुसरा म्हणतो, त्यात काय एवढं? आम्हाला अंगठे धरून उभं करायचे, पाठीवर पाटी ठेवायचे आणि पाटी पडली की पुन्हा पहिल्यापासून. शेवट ठरलेला असतो. "म्हणून तर माणसात आलो. आताच्या पोरांना बोट लावायची सोय राहिली नाही."

आमच्या घरात या चढाओढीत न उतरणारी दोन माणसं होती. एक माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि दुसरे त्यांचे मोठे भाऊ, थोरले आबा. आबा प्राथमिक शाळेत मास्तर होऊन निवृत्त झाले. थोरल्या आबांना सही येत नव्हती, ते अंगठा उठवायचे. एका आईची दोन लेकरं, एकाच मारुतीच्या देवळात पाटी घेऊन बसलेली. दोघांच्या वाटा कुठं फुटल्या हे त्यांनी मला वेगवेगळ्या वेळी, आपापल्या तऱ्हेनं सांगितलं. शाळेच्या शिस्तीबद्दल मला जे काही उमगलं आहे ते बरंचसं त्या दोन गोष्टींमधून.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणच्या अंगाला. तिकडं ढग येतात, पाऊस येईलच असं नाही. थोरल्या आबांच्या लहानपणी तिथं शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप, एक मास्तर आणि चार इयत्ता. थोरले आबा सकाळी म्हशी ओढ्यावर नेऊन, पाणी पाजून, गोठ्यात बांधून मग शाळेत यायचे. उशीर रोजचाच. उशिराला शिक्षा निरगुडीच्या फोकाची, आणि फोक तोडून आणायचं काम ज्याला मार बसायचा त्याचंच.

"त्यात बी अक्कल लागायची," ते सांगायचे. जाड फोक आणला तर वळ उठायचा, बारीक आणला तर चटका बसायचा. एकदा त्यांनी शोधून वाळका आणला, पहिल्या फटक्यातच मोडावा म्हणून. मोडलाही. मास्तरांनी हिरवा आणायला पिटाळलं आणि मोजणी पुन्हा एकापासून धरली. मग एके दिवशी पावकी म्हणताना अडखळले म्हणून त्यांना परत ओढ्यावर धाडलं. ओढ्याच्या काठाला निरगुडी दाट, आणि पलीकडं आमचीच म्हस चरत होती. "फोक आणाय गेलो त्यो अजून माघारी आलो न्हाई बघ," एवढं बोलून ते तंबाखू मळायला घ्यायचे.

ऐकणारे हसायचे. मीही हसायचो. पुढं कधीतरी लक्षात आलं, की मांडवात बसून 'मारामुळं माणसात आलो' म्हणणारे सगळे शाळेत टिकलेले असतात. जे टिकले नाहीत ते त्या गप्पांत नसतातच. ते त्या वेळी गुरांमागं असतात, नाहीतर कुणाच्या तरी बांधावर. छडीचं कौतुक टिकलेल्यांनी केलं आहे. तिनं किती जणांना बाहेर घालवलं याचा हजेरीपट कुणी ठेवला नाही.

त्या मास्तरांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या पाठीशी पंतोजींची जुनी परंपरा होती. सरकारी शाळा येण्याआधी पंतोजी एखाद्या वाड्याच्या ओसरीवर शाळा भरवायचे. आधी धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची, मग बोरू हातात यायचा, मग मोडी, आणि तिन्हीसांजेला परवचा. पंतोजींचं पोट गावावर असायचं. सुगीला धान्य, सणासुदीला शिधा. त्या अर्थानं शाळा गावानं पोसलेली होती, पण गावातली सगळी पोरं तिच्यात नव्हती. ज्या घरांना हिशेब आणि पत्रव्यवहार लागायचा त्या घरांची होती. एखादा घरी दडून बसला की पंतोजी चार दांडगी पोरं धाडायचे, आणि ती दोघं हातांना, दोघं पायांना धरून त्याची उचलबांगडी करीत ओसरीवर आणून टाकायची. आमच्या गावातल्या जुन्या वाड्यातले एक म्हातारे गृहस्थ सांगायचे, की त्यांच्या आज्याच्या वेळी आढ्याला दोर बांधलेला असायचा, आणि धडा न आलेल्या पोरानं त्याला लोंबकळत राहायचं. हात सुटले की खालून छडी. घरचे कुणी विचारायला जात नसत. पोर पंतोजींच्या स्वाधीन करताना बापच म्हणायचा, मारा, झोडा, पण चार अक्षरं शिकवा.

या रीतीला पहिला नीट प्रश्न विचारला तो महात्मा फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं त्यातली बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सगळ्यांना ठाऊक असते. त्याच निवेदनात गावातला शिक्षक कसा हवा हेही त्यांनी लिहिलं आहे, तिकडं मात्र फारसं कुणी बघत नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारा, खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांत सहज मिसळणारा. वरवर पाहता हा नेमणुकीचा मुद्दा वाटतो. माझ्या लेखी तो शिस्तीचा आहे. म्हशींना पाणी दाखवल्याशिवाय या घरातलं पोर सुटत नाही, हे ज्या मास्तरांना ठाऊक असेल त्यांना उशीर म्हणजे उनाडकी वाटणार नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना फोकाशिवाय दुसरा उपाय सुचणार नाही.

छत्रपती शाहू महाराजांनी तर शिक्षेचा रोखच फिरवला. कोल्हापूर संस्थानात त्यांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत पाठवलं नाही तर दंड ठेवला तो आईबापांना, महिन्याला १ रुपया. त्या काळी रुपया म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. शाळेत न येणं हा पोराचा गुन्हा नाही, त्याला न धाडणाऱ्या मोठ्यांचा आहे, हा त्यामागचा हिशेब. आमचं गाव संस्थानाच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात. थोरले आबा शाळेतून गेले तेव्हा कुणाला दंडही झाला नाही आणि कुणी त्यांना न्यायलाही आलं नाही. घरात एक हात वाढला म्हणून पणजोबांना उलट बरंच वाटलं असावं.

आबा त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी धाकटे. त्यांच्या वेळेपर्यंत मास्तर बदलले होते. चौथी झाल्यावर गावातल्या एका जाणत्या माणसानं पणजोबांना गाठलं आणि सांगितलं, पोराला साताऱ्याला भाऊरावांच्या बोर्डिंगात टाक, पैसा लागत नाही, काम करायची तयारी पाहिजे. पणजोबा म्हणाले, काम तर हितंबी करतोय.

भाऊराव पाटलांच्या गोष्टी आबांनी बोर्डिंगातल्या मोठ्या पोरांच्या तोंडून ऐकल्या, आणि आम्ही आबांच्या तोंडून. त्यातल्या दोन त्यांच्या विशेष आवडीच्या. पहिली लहानपणची. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोरानं त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला. दुसरी कोल्हापूरची. तिथं जैन बोर्डिंगात राहून भाऊराव शिकत होते. मिस क्लार्क यांच्या नावानं अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह निघालं, त्याच्या कार्यक्रमाला ते जाऊन आले, आणि परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नाही म्हणाले. बोर्डिंगातून त्यांना काढून टाकलं. आबा ही गोष्ट सांगताना मास्तरी आवाज लावायचे आणि शेवटी विचारायचे, "आता सांग, शिस्त कुणी मोडली?" उत्तराची वाट न बघता पुढं सरकायचे. पण त्या प्रश्नात खूप काही आहे. नियम मोडला म्हणून एका बोर्डिंगातून काढलेला मुलगा पुढं आयुष्यभर बोर्डिंगं काढत सुटला, आणि त्यानं घातलेले नियम हे त्याला ज्या नियमानं बाहेर काढलं त्याच्या बरोबर उलटे होते.

रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू झाली आणि १९२४ पासून साताऱ्यात तिचं बस्तान बसलं. त्याच वर्षी तिथं बोर्डिंग निघालं. १९२७ साली गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एका चुलीवरचं एका पंगतीत जेवायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. सुरुवातीला त्यांना हे जड गेलं, पण पुढं त्याच या पोरांच्या आई झाल्या. कोठीत दाणा नव्हता तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि एकदा तर मंगळसूत्रही मोडायला दिलं. १९३० साली त्या गेल्या. आबा बोर्डिंगात आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पण 'वहिनींनी मंगळसूत्र दिलं' ही गोष्ट नव्या पोराला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगायचं. ती सांगून झाली की ताटात अन्न टाकू नको हे वेगळं सांगावं लागत नसे.

बोर्डिंगातला दिवस आबांच्या तोंडून असा ऐकलेला आहे. पहाटे चारला उठायचं. उठवायला मोठा मुलगा, हातात कंदील. जात्यावर दोघं दोघं बसायचे. बाकीचे पाणी भरायला, सरपण फोडायला, झाडलोटीला. कामाच्या पाळ्या खडूनं एका मोठ्या पाटीवर लिहिलेल्या असायच्या आणि पाटी भटारखान्याच्या दाराशी टांगलेली. पाळी ठरवताना जात बघायची नाही हा नियम. जोंधळ्याची भाकरी, पातळ आमटी, कधी पिठलं, सुगीच्या दिवसांत शेतातली भाजी. लढाईचा काळ होता, धान्य मापात मिळायचं. पोट भरायचं, पण वर हात फिरवावा एवढं नाही.

एकदा दळणाची पाळी आबांची होती आणि त्यांना जाग आली नाही. जोडीदारानंही झोपू दिलं. पीठ अर्धंच निघालं. सकाळच्या पंगतीत प्रत्येकाच्या ताटात अर्धी भाकरी कमी आली. कुणी आबांना मारलं नाही, रागेजलंही नाही. वाढणाऱ्यानं फक्त मोठ्यानं सांगितलं, "आज पीठ कमी आहे." कुणाची पाळी होती हे पाटीवर होतंच. आबा सांगायचे, त्या दिवशी आपल्या ताटातली अर्धी भाकरीसुद्धा घशाखाली उतरेना, आणि शेजारचा पोरगा आपल्या भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून ती पुरवून पुरवून खात होता. संध्याकाळी ते स्वतः जाऊन मोठ्या मुलाला म्हणाले, पुढचा आठवडाभर दळण माझ्याकडं द्या. त्यानं पाटीवर नाव घातलं आणि विषय संपला. मरेपर्यंत आबांना चारला जाग यायची.

ही शिक्षाच होती, आणि फोकापेक्षा सौम्य होती असंही मला वाटत नाही. अर्ध्या भाकरीची लाज माराहून जास्त वेळ टोचत राहते. तरी एक मोठा फरक होता. थोरल्या आबांच्या उशिरानं कुणाचं काय बिघडलं, हे देवळातल्या शाळेत त्यांना कुणी दाखवू शकलं नसतं, कारण कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं. मास्तरांचा अपमान झाला, एवढंच. बोर्डिंगात मात्र चुकीचा परिणाम सगळ्यांच्या ताटात दिसत होता. नियम कशासाठी आहे हे तिथं कुणी समजावून सांगत नसे, भूक सांगायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नियम घालणारा त्याच पंगतीला बसायचा. भाऊरावांना, म्हणजे पोरांच्या अण्णांना, आपण एकदा पोरांच्या ओळीत मांडी घालून जेवताना पाहिलं, हे आबा शेवटपर्यंत सांगत. काय बोलले, काय शिकवलं यातलं त्यांना फार आठवत नसे. पांढरी दाढी, धिप्पाड अंग, खांद्यावर घोंगडी आणि पुढ्यात तीच पातळ आमटी, एवढं पक्कं आठवायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आबा पहिल्यांदा घरी आले तेव्हा पणजीनं त्यांना ओसरीवरच थांबवलं. बोर्डिंगात कोण कोण असतं हे गावात कळलं होतं.

"तिथं कुणाच्या हातचं जेवतोस रं?"

"माझ्याच," आबा म्हणाले. त्या महिन्यात भाकऱ्या थापायची पाळी त्यांचीच होती.

पणजी गोंधळली आणि त्यांना आत घेतलं. हा किस्सा आमच्याकडे हसण्यावारी नेतात. त्यात दोन शिस्ती समोरासमोर उभ्या होत्या हे मला फार उशिरा दिसलं. घरचीही शिस्तच होती, आणि पोराच्या हाडीमाशी मुरलेली. कुणाचं पाणी प्यायचं, कुणाची सावली टाळायची, देवळाच्या शाळेत कुणी पायरीखाली बसायचं, हे सगळं पोरांना फोकाशिवायच शिकवलं जात होतं. गावात शांतता होती ती या शिस्तीची. भाऊरावांनी ती मोडली, पण तिच्या जागी मोकळं रान सोडलं नाही. पहाटे चारचा ठोका, जातं आणि पाळ्यांची पाटी ठेवली.

साताऱ्याचं बोर्डिंग निघालं त्याच सुमाराची, पण खानदेशातली एक गोष्ट आबांना आवडायची. ते मास्तर झाल्यावर त्यांनी ती कुठंतरी वाचली आणि नंतर आपलीच असल्यासारखी सांगत राहिले. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळायचे. पोरं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरायचे. अंथरुणं गुंडाळायची, पसरलेले कपडे घड्या करून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायच्या, केर काढायचा. बोलायचे काहीच नाहीत. पोरांना आधी गंमत वाटली, मग कानकोंडं झालं, आणि मग पोरं आपापल्या खोल्या आवरूनच बाहेर पडू लागली. जे बोलायचं ते गुरुजी 'छात्रालय' नावाच्या हस्तलिखित दैनिकात लिहायचे. रात्री जागून लिहायचं आणि सकाळी पोरांपुढं ठेवायचं. आबांनी आपल्या शाळेत हा प्रयोग करून पाहिला. पोरांसमोर झाडू हातात घेतला. पहिल्या दिवशी पोरं बघत राहिली, दुसऱ्या दिवशी एका पालकानं येऊन विचारलं, "गुरुजी, शिपायाचा पगार कापला काय?" आबा हसून सांगायचे, की गुरुजींची गोष्ट वाचायला सोपी आहे, करायला नेट लागतो. गुरुजी आठ दिवसांत थांबले असते तर आपल्याला ती गोष्ट कळलीच नसती.

थोरले आबा या गोष्टी ओट्यावर बसून ऐकायचे. एकदा आबांनी त्यांना कोसबाडची हकीकत सांगितली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. आधी नखं काढायची, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. गुरं राखणारी पोरं तरीही राहून गेली, कारण ती दिवसभर रानात. मग शाळा त्यांच्यामागं कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणायचे. गुरं चरताहेत आणि पोरं झाडाखाली पानं, दगड, बिया मोजताहेत.

थोरले आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि गुरं दुसऱ्याच्या वावरात गेली तर?"

आबा म्हणाले, "मास्तरीण बी उठून हाकलायला जात असंल."

"मग ठीक हाय," थोरले आबा म्हणाले. त्यांनी कुठल्याही शाळेला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

आजीची गोष्ट या दोघांपेक्षा निराळी. तिच्या माहेरच्या गावी मुलींची शाळा होती. मार जवळजवळ नव्हता, नियम मात्र पुष्कळ. खाली बघून चालायचं, मोठ्यानं हसायचं नाही, पदर, वेण्या, रस्त्याच्या कडेनं ओळीत घरी. अभ्यासात ती हुशार होती. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, ते शेवटपर्यंत. तिसरीनंतर तिला घरी बसवलं. कारण काही घडलं नव्हतं, धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. ती म्हणायची, "यांच्या भावाला मारून घालवलं. आम्हाला कुणी मारलं बी न्हाई आणि धरून बी ठेवलं न्हाई." शिस्तीची चर्चा निघाली की सगळे मारलेल्या पोरांबद्दल बोलतात. निमूट बसणाऱ्या, कधीच नियम न मोडणाऱ्या आणि एके दिवशी शाळेतून नाहीशा होणाऱ्या मुलींबद्दल तिच्याशिवाय आमच्या घरात कुणी बोललं नाही.

माझी शाळा १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागची. गावानं वर्गणी काढून बांधलेल्या दोन खोल्या, वर कौलं, खाली मातीची जमीन. दुपारी सुकडी मिळायची. तिच्या रांगेत जेवढी शिस्त असायची तेवढी प्रार्थनेलाही नसे. शनिवारी सकाळी शाळा सारवायची. पोरं शेण आणि पाणी आणायची, पोरी सारवायच्या. आम्हाला ते फार आवडायचं. ओल्या जमिनीवर कुणी पाय दिला की आम्हीच ओरडायचो, गुरुजींना ओरडावं लागत नसे. जमीन आपण सारवलेली, मग तिच्यावरचा नियमही आपलाच. मात्र पोरांनी कधी सारवलं नाही आणि पोरींना कधी मैदान मिळालं नाही, हे त्या वेळी आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गुरुजींचा तांब्या कुणी भरायचा हेही न बोलता ठरलेलं होतं, आणि ते पाटीवर लिहिलेल्या पाळीनं ठरलेलं नव्हतं. रयतेच्या पाळ्यांच्या पाटीची किंमत मला या तांब्यामुळं कळली. काम वाटून घेणं ही अर्धीच गोष्ट आहे. ते कुणाच्या वाट्याला आलं हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवणं ही दुसरी अर्धी.

आता कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर तरी शाळा पुन्हा गावाच्या हाती आली, आणि या वेळी सगळ्या गावाच्या.

आमच्याकडच्याच एका जिल्हा परिषद शाळेत या समितीच्या बैठकीला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. विषय पोषण आहाराचा होता, पण गाडी शिस्तीवर घसरली. एक बाप उठून म्हणाला, "गुरुजी, पोरगं ऐकत नसंल तर दोन ठेवून द्या. आमची तक्रार न्हाई." हा आवाज पंतोजींच्या ओसरीवरूनच आलेला. मुख्याध्यापकांनी कलम १७ सांगितलं. बाप म्हणाला, मग शिस्त कशी लागायची? तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं, "पोरगं उशिरा आलं तर मारायचं म्हणताय. गुरुजी उशिरा आले तर काय करायचं?" लोक हसले, मुख्याध्यापकही हसले, पण प्रश्न तिथंच राहिला.

मग त्यांनी मुलांच्या बालसभेनं केलेले नियम वाचून दाखवले. आडनावावरून कुणाला चिडवायचं नाही. शौचालयाची किल्ली मुलींच्या वर्गातही असावी. उशिरा येणाऱ्याला आधी कारण विचारायचं. मैदान एक दिवस मुलांचं, एक दिवस मुलींचं. आणि शेवटचा, गुरुजींनी वर्गात मोबाईल बघायचा नाही. यावर समितीत कुजबुज झाली. पोरं डोक्यावर बसली, असं कुणीतरी म्हणालंच. मुख्याध्यापकांनी सांगितलं की वरून माहिती मागवणारे निरोप मोबाईलवरच येतात, दुपारपर्यंत आकडे कळवावे लागतात, हे आपण बालसभेपुढं मांडलं. मुलांनी चर्चा करून नियमात दुरुस्ती केली. मोबाईल बघायचाच झाला तर गुरुजींनी ऑफिसात जाऊन बघावा, आणि तेवढा वेळ वर्ग मॉनिटरनं सांभाळावा. खाली मुलांच्या सह्या होत्या आणि मुख्याध्यापकांचीही.

त्या शाळेत पोरं दंगा करत नाहीत असं नाही. मी गेलो त्या दिवशीही एक खिडकीची काच फुटलेली होती आणि दोघांचं भांडण निवाड्यासाठी बालसभेकडं गेलेलं होतं. पण भांडण घेऊन जायला जागा होती, आणि निवाडा करणारे स्वतःही त्याच नियमांत होते. रहाट मोडणाऱ्या पोरानं काढलेल्या बोर्डिंगात आबांना जे मिळालं ते याहून फार वेगळं नव्हतं. शाळेला शिस्त लागते, भरपूर लागते, आणि ती आपोआप येत नाही. प्रश्न एवढाच, की ती मुख्याध्यापकांच्या खुर्चीपर्यंत पोचते की बाकांपाशीच संपते. बाकांपाशी संपणारी शिस्त राखायला फोक लागतो. खुर्चीपर्यंत पोचणारीला एक पाटी, थोडा खडू आणि नियम घालणाऱ्याचीही सही लागते. तेवढी सही करायला किती मोठी माणसं तयार आहेत, हे कुठल्याही शाळेच्या पुढच्या बैठकीत विचारून बघायला हरकत नाही.